मोडक्या तोंडाची हाक

शेतावरून, रविवार
२८ सप्टेंबर १९८६

प्रिय कूम नेस्तर यास,

जय ख्रिस्ताचा.

याचं उत्तर ‘युगानुयुगे जय’ असं यायला हवं, आणि तू ते देणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी रीत म्हणून लिहिलं. नऊ वर्षांत या घरातून तुला पत्र गेलं नाही आणि तुझं इथं आलं नाही. पण माझ्या मार्सीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तूच धरलं होतंस, म्हणून तू माझा कूम आणि मी तुझी कुमा. माझ्या नवऱ्याशी, हरासिमशी भांडलास म्हणून ते नातं पुसलं जात नाही. तेव्हा पत्र न फाडता शेवटपर्यंत वाच.

तुझ्या दार्काची कंबर कशी आहे? एडमंटनला मुलाच्या घरात आता रुळली असेल. तिला सांग, तिनं दिलेल्या बडीशेपेच्या बियांचं बेट अजून अंगणात आहे, मी काही न करता दरवर्षी उगवतं. इकडे सगळं ठीक. पाऊस नको तेव्हा आला, त्यामुळं गहू अजून ओला उभा आहे. जव मात्र कापून झाला. आमचं शेत यंदा शेजारच्या स्टेनीनं कापलं. स्टेनी तसाच आहे, आपल्या चौघांच्या शिकारी टोळीतला सगळ्यात वाईट नेमबाज आणि सगळ्यात मोठा बढाईखोर. परवा म्हणाला, "येवका, तुमच्या शेतात माझं कापणीयंत्र असं चाललं की लोण्यात सुरी." दुसऱ्याच दिवशी तेच यंत्र चिखलात रुतलं आणि ओढायला दोन ट्रॅक्टर लागले.

रानहंस आले. आधी क्विल तळ्यावर पांढरे उतरले, मागोमाग करडे. सकाळी पाण्यावरून उठतात, आमच्या छपरावरून जवाच्या धसकटात चरायला जातात, दुपारी पाण्यावर आणि उन्हं कलली की पुन्हा धसकटात. तुला काय सांगायचं म्हणा. यंदा कुणी शिकारीला दबून बसायचे खड्डे खणले नाहीत. थव्याला भुलवायचे आपले लाकडी हंस कोठारात गोणपाटाखाली पडून आहेत.

आमचं शेत स्टेनीनं का कापलं ते सांगायचं राहिलं. हरासिम बरा आहे. म्हणजे जिवंत आहे. जुलैत गवत कापताना ट्रॅक्टरवरून उतरला आणि तिथंच कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. स्टेनीनं तुला तेव्हाच फोन करून कळवलं होतं आणि तू ‘वाईट झालं’ एवढंच म्हणालास, असं तो सांगतो. असो.

डॉक्टर म्हणतात, याला किती समजतं ते सांगता येत नाही. मला येतं. चहात साखर कमी पडली की असा बघतो, जणू मी कुणाचा खून केलाय. तेव्हा समजतं त्याला. फक्त बोलता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रानहंस आले त्या सकाळी मी त्याला खिडकीशी बसवलं होतं. थवा घरावरून गेला आणि हरासिमनं तोंड उघडलं. शब्द नव्हे, हंसाचा आवाज. कोसळल्यापासूनचा त्याचा पहिला आवाज. माझ्या हातातलं पातेलं सुटलं आणि बिटाची बोर्श्ट सगळी जमिनीवर. तेव्हापासून रोज तोच आवाज काढतो, माझ्याकडे बघून, पुन्हा पुन्हा. मला अर्थ लागत नाही म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. हरासिमच्या, नेस्तर. आई गेली तेव्हासुद्धा जो रडला नाही त्याच्या.

लहानपणी गुरं राखताना तुम्ही दोघं हंसांच्या बोलीत बोलायचात ना? एकदा कुक् केलं की इकडे ये, दोनदा केलं की बाप काठी घेऊन निघालाय. चर्चमध्ये सुद्धा केलंत आणि पाद्रीबाबांनी दोघांचे कान लांब केले. ती बोली या जगात तुला आणि त्याला, दोघांनाच येते. म्हणून तुला विचारते.

आवाज असा आहे. हँऽक, हँऽक, हँऽक असा भरभर चढत जातो आणि शेवटचा मोडून खाली पडतो. मग घशात घरघर. ओठ एका बाजूनं मिटत नाहीत त्यामुळं वारा गळतो. शेजारच्या खड्ड्यात पेंढ्याखाली पडून मी त्याच्या हाका आयुष्यभर ऐकल्या. चरतानाची गुरगुर ओळखते, उतरा म्हणायची हाक ओळखते. ही ओळखत नाही.

एका ओळीत लिहून पाठव. तुमचं भांडण तुमच्यापाशी, मला त्यात ओढू नकोस आणि मीही पडत नाही. मार्सी म्हणते, बाबांना सॅस्काटूनच्या शुश्रूषागृहात ठेवू, नोव्हेंबर लागताना खाट रिकामी होईल. बघू. त्याआधी कळलं तर बरं.

दार्काला नमस्कार.

तुझी कुमा,
येवका


शेतावरून, सोमवार
१३ ऑक्टोबर १९८६

नेस्तर,

जय ख्रिस्ताचा. उत्तराचं तू बघ.

पत्र पोचलं हे मला माहीत आहे, कारण मी फोन केला होता. दार्कानं उचलला. म्हणाली, "नेस्तर बटाटे आणायला गेलेत." दुसऱ्या दिवशी केला, तेव्हाही बटाटे. तिसऱ्यांदाही बटाटेच म्हणाल्यावर मी विचारलं, "अगं, एडमंटनमध्ये दुष्काळ पडलाय की काय?" ती बिचारी रडायला लागली. मागून तुझा खोकला ऐकू आला. तो मी कुठंही ओळखीन.

तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास तेव्हा आता मीच सगळं सांगते.

आज सुगीचा सण. मार्सी मुलांना घेऊन आली होती. मी कोबीच्या पानांत भात भरून होलुब्ती केल्या, हंसाऐवजी दुकानातली कोंबडी भाजली. मार्सीनं बापाला भरवायचा प्रयत्न केला. त्यानं घास गालात धरला आणि ती वळल्यावर बशीत टाकला. हे आठवडाभर चाललंय. पाणी पितो, दूध पितो, घास गिळत नाही. मार्सीला वाटतं त्याला गिळता येत नाही. येतं. तो गिळायचं नाही म्हणतोय.

ती म्हणाली, "आई, तू एकटी मरशील याला उचलताना. एक तारखेला खाट मिळतेय. मी गाडी घेऊन येते." मी हो म्हटलं. काय म्हणणार? माझे दोन्ही हात खांद्यापासून दुखतात, रात्री पलंगावर त्याला कुशीवर वळवते तेव्हा मीच त्याच्या बाजूला पडते. पण त्या घरात त्याला कोण ओळखणार, नेस्तर? तो हंसाचा आवाज काढील आणि त्या पोरी एकमेकींकडे बघून हसतील.

हे झालं आताचं. पहिल्या पत्रात जे सांगितलं नाही ते वेगळंच आहे.

तो आवाज काढताना तो बोट दाखवतो. डावा हात चालतो त्याचा. बोट नेहमी एकाच ठिकाणी, जिन्याखालच्या बंदुकीच्या कपाटाकडे. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्यावर असते, तिथंच पाडलेल्या हंसांच्या पायांतली कडी ओवलेली त्याची दोरी टांगलेली आहे. मी आधी किल्ली काढून पिठाच्या डब्यात लपवली. तरी बोट तिकडेच.

आता तूच आठव. ज्या वर्षी स्टेनीनं एका हंसाचा पंख मोडला आणि तो लव्हाळ्यात शिरला, तेव्हा आपण काय केलं होतं? पाऊस होता. स्टेनी म्हणाला, "जाऊ द्या रे, कोल्हा नेईल." हरासिमनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तुम्ही दोघं कंबरभर पाण्यात शिरलात. मी काठावर शेकोटी करून बसले होते आणि तो हंस लव्हाळ्यातून ओरडत होता. तुम्ही त्याला संपवून घेऊन आलात तेव्हा हरासिमचे दात वाजत होते. म्हणाला होता, "ज्याला उडता येत नाही त्याला रात्र दाखवायची नाही." चौघांनी तो कायदा केला. एकदाही मोडला नाही.

त्या लव्हाळ्यातल्या हंसाचा आवाज मला अजून आठवतो, नेस्तर. भरभर चढायचा आणि मोडून खाली पडायचा. मग घरघर.

मी काय विचारतेय ते तुला आता कळलं असेल. हरासिम माझ्याकडे बघून पंख मोडलेल्या हंसासारखा ओरडतो आणि बंदुकीच्या कपाटाकडे बोट दाखवतो. तो तेच मागतोय का? लहानपणी तुमच्या बोलीत याला काही दुसरा अर्थ होता का? मला हो की नाही एवढंच कळव. नाही असलं तर मी त्याला बदडून घास गिळायला लावीन. हो असलं तर काय करीन ते मला ठाऊक नाही.

आणि तू त्या कड्यापायी गप्प असशील तर धन्य आहे तुझी. एक हंस पडला, तुम्ही दोघांनी एकाच वेळी गोळी झाडली, त्याच्या पायात पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी लोकांचं आकडे कोरलेलं कडं निघालं. कडं कुणाचं? रीतीप्रमाणं नाणं उडवायचं. स्टेनीनं उडवलं आणि ते धसकटात पडून हरवलं. तू म्हणालास नाण्यावरची राणी वर होती, हरासिम म्हणाला हरीण वर होतं. मला विचारशील तर दोघांनाही काही दिसलं नव्हतं, तुमच्या डोळ्यांत गुडघ्याएवढं धसकट होतं. स्टेनी म्हणत होता दुसरं नाणं उडवतो. पण नाही. साठीला आलेले दोन बाप्ये जवाच्या शेतात शाळेतल्या पोरांसारखे भांडले आणि वसंतात तू निरोप न घेता गाव सोडून गेलास. कडं त्यानं दोरीत ओवलं आणि त्यानंतर ती दोरी गळ्यात घातली नाही. खिळ्यावरच राहिली. हे तुला माहीत नसेल म्हणून सांगते.

मी हात टेकले आहेत. उत्तर दे.

येवका


शेतावरून, शुक्रवार
२४ ऑक्टोबर १९८६

माझ्या कूम नेस्तर,

उत्तर आलं नाही. आता त्याची गरजही उरली नाही, कारण अर्थ मला कळला. तो कसा कळला हे मी स्टेनीला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते. मग तू माझं तोंड बघू नकोस म्हणालास तरी चालेल.

मंगळवारी मी त्याची दाढी केली. ईस्टरला घालतो तो भरतकामाचा सदरा घातला. चूल विझवली. मांजर स्टेनीच्या कोठारात सोडून आले. मार्सीला फोन केला आणि उगाच हवापाण्याचं बोलले. ती म्हणाली, "आई, तुझा आवाज बरा वाटतोय आज." बरा होताच. काय करायचं ते ठरलं की माणसाचा आवाज बरा होतो.

मग पिठाच्या डब्यातून किल्ली काढली. दुनळी बंदूक घेतली आणि दोन काडतुसं. हंसासाठी नव्हती. एक पुरलं असतं असं तुला वाटेल. मी मागं राहून काय करणार होते?

कपाट उघडताना तो तोच आवाज काढत होता आणि बोट दाखवत होता. मी म्हटलं, "कळलं रे, कळलं. चल." तो गप्प झाला. मला वाटलं, बरोबर ओळखलं आपण.

घरात नको वाटलं. मार्सीला ते घर पुढं विकावं लागेल. आणि त्यानं जन्मभर जे बघितलं ते त्याला एकदा दिसावं असंही वाटलं. पिकअपनं जवाच्या शेतापर्यंत नेलं. पुढं चाकाची खुर्ची धसकटात जात नाही, म्हणून शेतातले दगड ओढायची ती लाकडी घसरगाडी आहे ना, तिच्यावर गोधडी घालून त्याला निजवलं आणि दोर खांद्याला लावून ओढत नेलं. केवढा होता तो. आता लाकडी हंसांच्या पोत्याएवढा झालाय. दगडांच्या ढिगापाशी, जिथं आपले खड्डे असायचे, तिथं थांबले. त्याच्या शेजारी पडले आणि सवयीनं दोघांच्या अंगावर पेंढा ओढला. बंदूक दोघांच्या मधे.

हंस दिसले की मग, असं मी मनाशी म्हटलं. एक थवा जाऊ दे.

उन्हं कलली आणि तळ्यावरून करडे उठले. मोठा थवा, सरळ आमच्याकडे. आणि मी काय केलं होतं सांगू? पिकअप कुंपणाशी उघड्यावर सोडली होती. इतक्या वर्षांत ही चूक पोरांनीही केली नसेल. हंसांनी ती पाहिली, वर चढले आणि पाठ फिरवली. मला रडूच फुटलं. एवढंही धड जमलं नाही.

आणि हरासिमनं हाक घातली.

तोच आवाज. तोच मोडका, वारा गळणारा, शेवटी खाली पडणारा. पण घरात चार भिंतींना आपटायचा तो इथं मोकळा वर गेला. थव्याचं शेपूट हललं. मागचे दोन वळले, मग पाच, मग सगळा थवा पंख वाकडे करून फिरला आणि आमच्या डोक्यावर आला.

तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, पंख मोडलेल्या हंसाची ओरड ऐकून थवा कधी वळत नाही. उलट घाबरून वर चढतो, पळतो. लव्हाळ्यातल्या त्या हंसाला कुणी परत आलं नव्हतं. नेस्तर, ती जखमी हंसाची ओरड नव्हतीच. पाठ फिरवून निघालेल्या थव्याला घालायची हाक होती ती, जाऊ नका, वळा म्हणायची. जन्मभर ऐकलेली. त्याचं तोंड मोडलं म्हणून ती मोडली आणि मला दुसरीच वाटली. मी त्याची बायको असून मला ओळखता आली नाही. हंसांनी लगेच ओळखली.

थवा आमच्या भोवती उतरला. हात लांबवला तर शिवता आले असते इतके जवळ. माना खाली घालून गुरगुरत चरायला लागले. हरासिम माझ्याकडे बघत होता. त्याचं अर्धं तोंड हसत होतं. आणि माझ्या हाताशी भरलेली बंदूक होती.

मी तिच्या नळ्या झुकवून ती उघडली आणि काडतुसं काढली. त्या खटक्यानं सगळे उडाले. मग मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून अशी रडले की माझाच आवाज मला परका वाटला. मी काय करायला निघाले होते ते त्याला कळलं होतं का? विचारायचं धाडस होत नाही. कळलं असावं. परत येताना मी दोर ओढत होते आणि त्यानं डाव्या हातानं माझ्या कोटाचं टोक धरून ठेवलं होतं, अंगणापर्यंत सोडलं नाही.

घरी आल्यावर बोट पुन्हा तिकडेच. या वेळी मी शहाण्यासारखं विचारलं. "बंदूक?" त्यानं मान हलवली, नाही. "किल्ली?" नाही. उरली ती दोरी. काढून त्याच्या हातात दिली तर त्यानं सगळी कडी बाजूला सारली आणि ते भांडणाचं एकच कडं मुठीत धरलं.

मी म्हटलं, "नेस्तर?"

हे नाव या घरात नऊ वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. मी तुला पत्रं लिहिली ती सुद्धा त्याच्या पाठीमागं लिहिली, त्याला राग येईल म्हणून. त्यानं डोळे मिटले आणि ती हाक घातली. रडला नाही. अर्थ लागला होता ना, मग कशाला रडेल?

म्हणजे महिनाभर तो तुला हाका मारत होता आणि मी, मूर्ख बाई, त्याच्यासाठी काडतूस शोधत होते.

संध्याकाळी मी स्टेनीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं बंदुका नेल्या, आणि मांजर परत आणून दिलं. आता दिवसातून तीनदा येतो, हरासिमला उचलायला हात देतो आणि बढाया मारतो. काल म्हणाला, त्यानं एका गोळीत तीन पाडले होते. हरासिमनं नाकातून असा आवाज काढला की मी आणि स्टेनी दोघंही हसलो. त्या रात्री हरासिमनं दोन होलुब्ती खाल्ल्या. दोन, आणि रसाला पाव.

पण तू हे सुखाचं पत्र समजू नकोस. मी मार्सीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती आजच येऊन त्याला नेईल, आणि तिचं चुकणारही नाही. एक तारीख जवळ आली आहे. बंदुका गेल्या, पण तळं कुठं गेलंय? मंगळवारी माझा आवाज जसा बरा झाला होता तसा पुन्हा होईल याची मला भीती वाटते. माझा माझ्यावरचा भरवसा उडालाय. एकटीनं होत नाही हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. त्याऐवजी बडीशेपेचं लिहीत बसले.

तू आलास तर मी मार्सीला सांगेन, थोडं थांब, घरात आता दोन माणसं आहेत, त्याला उचलायला आणि मला धरायला. दार्कालाही आण. वरची खोली रिकामी आहे. तुला त्याच्याशी बोलायची लाज वाटत असेल तर बोलू नकोस. त्यालाही बोलता येत नाही. तुमच्या बोलीत काय ते करा, मी स्वयंपाकघराचं दार लावून घेईन.

कडं पाठवत नाही. ते त्याच्या मुठीत आहे, झोपेतही सोडत नाही. तू ये आणि त्याच्या हातातून घे. हवं तर पुन्हा नाणं उडवा. या वेळी स्वयंपाकघरातल्या फरशीवर, म्हणजे राणी की हरीण ते सगळ्यांना दिसेल.

पहाटे अंगणातल्या बादलीवर बर्फ धरलं होतं. पांढरे हंस गेले. करडे आज-उद्यात जातील. तळं गोठलं की हाक घालायला आकाशात कुणी उरत नाही. तरी तो खिडकीशी बसून घालीत राहील, ते मला ऐकवणार नाही.

जय ख्रिस्ताचा, नेस्तर. याचं उत्तर कागदावर नको. दारात उभा राहून दे, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं.

तुझी कुमा,
येवका